धोंड्याच्या ताटातला पासवर्ड

(लोहारा. दुपार कललेली. ओसरीवर लक्ष्मम्मा शेंगा फोडत बसल्या आहेत. समोर त्यांच्या सुनेची आई पार्वतम्मा, तामलवाडीहून नुकत्याच उतरलेल्या.)

पार्वतम्मा : ...गूळ नको, पाणी नको. आधी तेवढं सांगा. माझ्या लेकीला कॉलेजातनं काढलं का न्हाय?

लक्ष्मम्मा : काढलं म्हणून कोण म्हणालं?

पार्वतम्मा : सगळी तामलवाडी म्हणायलीय. माझ्या भावाचा नातू तुळजापूरला कॉलेजात हाय. तो म्हणला, लोहाऱ्याच्या ग्रंथपाल बाईनं कायतरी केलं आन नऊ कॉलेजांची पुस्तकं एका दिवसात बंद पडली. ती बाई म्हणजे माझी शिवरंजनीच की हो. फोन केला की नुसतं 'बरी हाय' म्हणती. बरी हाय, बरी हाय म्हणणारी कवा बरी असती का?

लक्ष्मम्मा : आधी पाणी प्या. कोरड्या घशानं भांडलं तर भांडणालाबी चव राहत न्हाय. घ्या. ... हां. आता ऐका. पुस्तकं आज सकाळी उघडली. नऊच्या नऊ कॉलेजांत. तुळजापूरला अक्षरा म्हणून एक पोरगी हाय, डॉक्टर व्हायलीय. दवाखान्यातली न्हवं, ती दुसरी, पुस्तकं लिहून होत्यात ती. तिचा सकाळीच फोन आला, "मॅडम, उघडलं." तुमची लेक कणकेच्या हातानं फोन धरून तिथंच उभी. हसायली का रडायली, मला बाई कळंना.

पार्वतम्मा : देवा. मग आता कुठं हाय ती?

लक्ष्मम्मा : तुळजापूरला. नऊ कॉलेजांची समिती बसलीय. पुस्तकं उघडली ते खरं, पण लोहाऱ्याच्या कॉलेजला नऊ जणांच्या मंडळात ठिवायचं का बाहेर काढायचं, ते आज ठरतंय. बाहेर काढलं तर आमचे प्राचार्य तिच्या कागदावर सही करायचे न्हाईत. तिची नोकरी दरसाल नव्या सहीची. म्हाईत हाय तुमाला.

पार्वतम्मा : म्हणजे अजून जीव टांगलेलाच.

लक्ष्मम्मा : अर्धा उतरलाय. अर्धा चारच्या गाडीनं येईल. तवर शेंगा फोडा, हाताला काम असलं की डोस्कं गप बसतंय.

पार्वतम्मा : मला एक कळत न्हाय. नऊ कॉलेजं एकाच पुस्तकांना कशाला लटकली? ज्याची त्यानं घ्यावीत की.

लक्ष्मम्मा : म्याबी हेच इचारलं होतं सुनेला. तुमच्याकडं चार भावांची सामाईक विहीर असती का न्हाय? एकट्याची खोदायची ऐपत न्हाय, म्हणून चौघांनी मिळून खोदायची, आन पाळीपाळीनं पाणी घ्यायचं. तसंच ते. ही पुस्तकं कागदाची न्हाईत, कॉम्प्युटरात असत्यात. लांबच्या एका कंपनीची. ती विकत देत न्हाय, नुसती वाचायची परवानगी देती, तीबी सालाची. एकट्यादुकट्या कॉलेजच्या आवाक्यातलं न्हाय, म्हणून नऊ जणांनी मिळून एकच करार केला. आत जायला किल्ली असती, तिला पासवर्ड म्हणत्यात. आता मला सांगा, तुमच्या पाळीचं पाणी तुमी तुमच्या रानात कितीबी सोडा, कोण काय म्हणणार हाय? पण पाट फोडून दुसऱ्याच गावच्या रानाला दिलं तर?

पार्वतम्मा : तर बाकीचे भाऊ मोटर बंद करतील.

लक्ष्मम्मा : हितं कंपनीनंच केली. नऊ जणांची एकदम.

पार्वतम्मा : म्हणजे पाट माझ्या लेकीनं फोडला?

लक्ष्मम्मा : तिनं न्हाय.

पार्वतम्मा : मग कुणी?

लक्ष्मम्मा : सांगते. पहिल्यापासनं सांगते. लोहाऱ्यात एक म्हातारी हाय. तोंडाची तिखट. दुसरीत शाळा सुटली, तरी गावाला शहाणपण वाटत फिरणारी. आपल्या दारातनं कुणी रिकाम्या हातानं गेलं न्हाय, ह्याचा तिला लई ताठा. त्या म्हातारीला एक लेक, सोलापूरला दिलेली. अश्लेषा.

पार्वतम्मा : अश्लेषा तुमची लेक की हो.

लक्ष्मम्मा : मधी बोलू नका, माझी कहाणी तुटती. तर म्हातारीचा जावई गुरुप्रसाद. सोलापूरला क्लास चालवतो. मोठाल्या पदव्यांचे प्रबंध कसे लिहायचे ते पोरांना शिकवतो. दिवाळीला आलता तवा त्यानं सुनेकडं त्या पुस्तकांची किल्ली मागितली. सून म्हणली, "भाऊजी, करारात बसत न्हाय. कॉलेजच्या माणसाशिवाय कुणाला देता येत न्हाय." आवाज एवढा गोड की फराळाच्या ताटात घालावा. पण न्हाय ते न्हायच. जावयाचा चेहरा उतरला. आन म्हातारीच्या काळजात कुसळ शिरलं. माझ्या घरात जावयाला न्हाय? आन म्हणणारी कोण, तर काल आलेली सून?

पार्वतम्मा : काल? अकरा वर्षं झाली तिला ह्या घरात दिऊन.

लक्ष्मम्मा : म्हातारीच्या हिशेबी कालच. पुढं ऐका. यंदा धोंड्याचा महिना आला. आपल्यात त्याचं एवढं कौतुक न्हाय, पण जावयाच्या घरी लई. म्हातारी कुणाच्या मागं राहती का? बोलावला जावई. पुरणाचे धोंडे केले, तेहतीस अनारसे केले, तांब्याचं ताट घासून आरशासारखं केलं. कपड्याचं कापड आणलं. जावई कापडाला हात लावून म्हणला, "मामी, हे कशाला? तुमचा आशीर्वाद हाय तेवढा बास." तोंडानं आशीर्वाद, पण चेहरा तोच, दिवाळीचा. चेहरा वाचायला काय शाळा लागत न्हाय.

पार्वतम्मा : इहीनबाई, मला भ्या वाटायलंय.

लक्ष्मम्मा : म्हातारीला वाटलं न्हाय ना. सुट्टीत सून घरनं काम करायची, म्हणून ती किल्ली तिनं कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलेली. इंग्रजी अक्षरं. म्हातारीला इंग्रजी येत न्हाय, पण रांगोळी येती. ठिपका बघायचा, वळण बघायचं, तसंच काढायचं. सून आत पुरण वाटत होती. म्हातारीनं कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आन एकेक अक्षर बघून उतरवलं. अर्धा घंटा गेला. मग त्याची घडी केली आन तेहतीस अनारशांच्या खाली ठिवली. वर दिवा. जावयाला ओवाळलं आन ताट हातात दिलं. जावई घरी जाऊन अनारसे काढतो तर खाली—

पार्वतम्मा : थांबा. म्हातारी म्हातारी करू नका.

लक्ष्मम्मा : कहाणी हाय.

पार्वतम्मा : कहाणी न्हाय ही. माझ्या पोरीचं नाव गावभर झालंय. कोण म्हातारी, तिचं नाव घ्या.

लक्ष्मम्मा : ह्या शेंगा लई किडक्या निघाल्या बघा.

पार्वतम्मा : नाव घ्या की.

लक्ष्मम्मा : म्या. म्या दिली.

पार्वतम्मा : तिनं न्हाय म्हणून सांगितलेलं होतं.

लक्ष्मम्मा : व्हय.

पार्वतम्मा : तरी.

लक्ष्मम्मा : तरी.

पार्वतम्मा : इहीनबाई, म्या हितं यायच्या आधी माझ्याच लेकीला दोष देत होते. बसमध्ये सारी वाट म्हणत आले, पोरीनं नोकरीत आळस केला असंल, ध्यान दिलं नसंल. आन तुमी?

लक्ष्मम्मा : बोला. थांबू नका. तुमी बोलला तर बरं वाटतंय. घरात कुणी बोललंच न्हाय. पोरगा बसवेश आईला बोलत न्हाय, आन सून तर... तिचं सांगते पुढं.

पार्वतम्मा : मला न्हाय येत तुमच्यासारखं बोलाय. जावयानं काय केलं त्या चिठ्ठीचं?

लक्ष्मम्मा : क्लासच्या चाळीस पोरांत वाटली. पोरं तुटून पडली. तीन दिवसांत आठ हजार लेख उतरवून घेतले. आता बघा, कॉलेजला सुट्टी, वाचनालयाला कुलूप, आन आठ हजार लेख. कंपनीच्या मशीनला आपल्यापरीस अक्कल हाय. चौथ्या दिवशी फाटक बंद. तेबी लोहाऱ्याचं एकट्याचं न्हाय. करार एक, म्हणून नऊ जणांचं. मग फोन सुरू झाले. अक्षराचा फोन आला, तिची प्रबंध द्यायची तारीख तोंडावर, आन निम्मी पुस्तकं फाटकाच्या आत. ती काय वाईट बोलली न्हाय, नुसती म्हणली, "मॅडम, मी आता काय करू?" उमरग्याच्या बाई मात्र म्हणल्या, लोहाऱ्याला मंडळात घेतानाच आमी नको म्हणत होतो. तुमच्या लेकीचं ताट तसंच उष्टं राहायला लागलं.

पार्वतम्मा : आन तुमी बघत होता.

लक्ष्मम्मा : बघत होते. कंपनीनं तीस दिवसांची मुदत दिली होती. किल्ली कुणाच्या हातनं गेली, कुणाकडं गेली, उतरवलेलं पुसलं का न्हाय, हे तीस दिवसांत लिहून द्या. दिलं तर उघडतो, न्हायतर सालभर बंद. तुमची लेक रोज आपल्यालाच तपासायची. कुठं ठिवली होती, कुणी बघितली असंल, मी कुणाम्होरं टाईप केली. मला इचारायची, "आत्या, घरात कुणी परकं आलतं का हो?" म्या म्हणायची, न्हाय बाई. जावई परका कुठं असतो? म्हणजे खोटं पण न्हाय, बघा.

पार्वतम्मा : लई हुशार.

लक्ष्मम्मा : बोललात. असंच बोला. मग प्राचार्यांनी शरणप्पाचं नाव काढलं. वाचनालयात झाडलोट करतो, पुस्तकं लावतो, बावीस वर्षं झाली त्याला. म्हणले, चावी त्याच्याकडं असती, त्यानंच कुणाला तरी दिली असणार, लिहून टाका त्याचं नाव आन मोकळे व्हा. तो हितं दारात आला. आत ये म्हणलं तर येईना. उंबऱ्याबाहेर उभा राहून तुमच्या लेकीला म्हणला, "ताई, मला त्या मशीनचं बटणबी दाबता येत न्हाय." हात जोडले त्यानं. म्या ह्याच खांबामागं उभी होते.

पार्वतम्मा : मग तिनं काय केलं?

लक्ष्मम्मा : ती म्हणली, "शरणप्पा, तुम्ही घरी जा. तुमचं नाव कुठल्याच कागदावर येणार नाही." आन दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, किल्ली माझ्या हातनं हरवली असं मी लिहून देते. माझंच नाव घाला. बसवेशला सांगत होती, म्या आतनं ऐकलं.

पार्वतम्मा : लहानपणापासनं तशीच हाय ती. पाटी भावानं फोडायची आन मार हिनं खायचा.

लक्ष्मम्मा : मला म्हाईत न्हवतं. अकरा वर्षं एका घरात, आन मला म्हाईत न्हवतं. त्या दिवशी भाकर तोंडात फिरंना. बरी माणसं दोन, दोघांवर आळ, आन जिचं काम ती खांबामागं. अठरा दिवस झाले होते.

पार्वतम्मा : अठरा दिवस तुमी गप बसला?

लक्ष्मम्मा : अठरा. खोटं कशाला सांगू? बोलावं तर लेकीचं घर मोडतंय असं वाटायचं. न बोलावं तर सुनेची इज्जत जाती. आन दोन्हीच्या मधी माझं नाक. तेच सगळ्यात मोठं होतं.

पार्वतम्मा : एकोणिसाव्या दिवशी?

लक्ष्मम्मा : सकाळी लवकर नळदुर्गला गाडी बदलून सोलापूर. घरात सांगितलं, डोळे दाखवाय जाते. क्लासचे तीन जिने चढले. पोरं बसलेली, जावई फळ्यापाशी. म्या पहिल्या बाकावर जाऊन बसले. तो म्हणला, "मामी, तुम्ही? घरी चला की." म्या म्हणले, शिकवा तुमी, म्या बसते. धा मिंटं त्यानं शिकवलं, पण खडू काय हलंना. मग पोरांना बाहेर काढलं आन मला इचारलं काय झालं. म्या म्हणले, बापू, धोंड्याचं वाण परत न्यायला आले.

पार्वतम्मा : अय्यो. वाण परत मागत्यात का कुणी?

लक्ष्मम्मा : तोबी हेच म्हणला. "मामी, दिलेलं वाण परत घेतलं तर दोन्ही घरांना बरं नसतंय, तुम्हीच शिकवलंय अश्लेषाला." बरोबर हाय. म्याच शिकवलंय. सगळ्या वाटंनं हाच इचार करत गेले होते, बाई, रीत मोडायची कशी? नळदुर्गच्या पुढं गेल्यावर मला उमगलं. म्या त्याला म्हणले, "बापू, वाण आपल्या घरचं असावं लागतंय. दुसऱ्याच्या पेवातलं धान्य काढून ताटात घातलं तर ते वाण होत न्हाय. ते काय होतंय, ते म्हातारीच्या तोंडनं वदवू नका. ती पुस्तकं सुनेचीबी न्हाईत, नऊ जणांची हाईत, तीबी सालापुरती. माझं तर एक पानबी न्हाय. म्या तुमाला वाण दिलंच न्हाय. मग परत घेतलं कुठं?"

पार्वतम्मा : ...हे मात्र खरं बोललात.

लक्ष्मम्मा : तो खुर्चीवर बसला. डोकं धरलं. आन मला म्हणला काय, ठावं हाय? म्हणला, "मामी, मला वाटलं वहिनींनीच दिली. दिवाळीला तोंडावर न्हाय म्हणाल्या, म्हणून आता तुमच्या हातून गुपचूप दिली. म्हणून तर मी पोरांना मोकळ्या हातानं वाटली." घ्या. चोर म्हणायला गेले तर त्याच्यापरीस चोर म्याच निघाले.

पार्वतम्मा : मग पुसलं का त्यानं?

लक्ष्मम्मा : चाळीस पोरांना बोलावलं. एकेकाचा फोन, एकेकाचं मशीन. मला काय कळतंय पुसलं का ठिवलं? म्हणून एका चष्मेवाल्या पोरीला शेजारी बसवली. ती 'पुसलं आजी' म्हणायची, म्या बोट दुमडायची. दिवस गेला सारा. एक पोरगं म्हणलं, आजी, एवढं एक राहू द्या की, माझं प्रकरण अडलंय. म्या म्हणले, लेकरा, तुझ्या कॉलेजला सांग, मिळून करार करा. आमी नऊ जणांनी केलाय. बघा, तवर म्याबी 'आमी' म्हणाय लागले होते.

पार्वतम्मा : अश्लेषा काय म्हणली?

लक्ष्मम्मा : रडली. "आई, मी ह्या घरात आता कोणत्या तोंडानं राहू?" तिला म्हणले, तुझ्या नवऱ्याला कुणी चोर म्हणलं न्हाय, तुझ्या आईला म्हणतील. तू ह्याच तोंडानं राहा, बरं हाय तुझं तोंड. जावई स्टँडवर सोडाय आला. कागद लिहून दिला त्यानं आपल्या सहीचा, सगळं पुसलं, पुन्हा वापरणार न्हाय. गाडीत बसवलं आन पाया पडला. धोंड्यालाबी एवढा वाकला न्हवता.

पार्वतम्मा : आन माझ्या लेकीला कवा सांगितलं?

लक्ष्मम्मा : तिसऱ्या दिवशी. ती तुळजापूरला समितीच्या बैठकीला निघाली होती, तिथल्या शांतलिंग सरांना आपलं नाव लिहून द्यायला. म्या म्हणले, म्याबी येते. तिला वाटलं, देवीला. गाडीत बसल्यावर सांगितलं. सगळं. कॅलेंडर, अनारसे, सोलापूर. ती खिडकीतनं बाहेर बघत राहिली. म्या मनात म्हणायची, बोल गं बाई, दोन शिव्या दे, गाडीतली माणसं ऐकली तर ऐकली. न्हाय. नळदुर्गला गाडी थांबली, ती खाली उतरली. मला वाटलं, आता हितनंच माघारी जाती का काय, मला एकटीला सोडून. तर दोन कप चहा घेऊन खिडकीपाशी आली. एक मला दिला.

पार्वतम्मा : बोलली काय?

लक्ष्मम्मा : "गरम आहे, जपून." एवढंच.

पार्वतम्मा : मग समितीत?

लक्ष्मम्मा : नऊ ग्रंथपाल आन शांतलिंग सर, लांब टेबलाच्या दोन्ही अंगाला. तुमची लेक उठाय लागली, तिच्या आधी म्या उठले. म्हणले, "हिचं काय चुकलं न्हाय. शरणप्पाचंबी न्हाय. किल्ली कपाटातनं म्या काढली, जावयाला म्या दिली, हिनं नको म्हणल्यावर दिली. हा जावयाचा कागद. आता माझा लिहून घ्या." सरांनी लिहून घेतला, मला वाचून दाखवला. म्या सही केली. माझी सही म्हणजे बैलगाडी चढाला लागल्यागत, नऊच्या नऊ बघत बसले. मग उमरग्याच्या बाई म्हणल्या, "आजी, पुन्हा असं होणार नाही कशावरून?"

पार्वतम्मा : तुमी काय सोडता व्हय तिला.

लक्ष्मम्मा : सोडलंच की. चांगल्या शब्दांत म्हणले, "बाई, म्या जल्मात तीन मोठ्या चुका केल्या. दोन मालकाचं ऐकून, एक सुनेचं न ऐकून. परत कुठलीच केली न्हाय." हसले सगळे. सरांनी करार काढला, बोट ठिवून वाचला. मुदतीच्या आत कारण कळवलं, चुकीचा वापर थांबवला, तर कंपनीनं परत उघडून द्यायचं असं त्यात लिहिलेलंच हाय. सव्विसाव्या दिवशी कागद गेले. आज सकाळी उघडलं.

पार्वतम्मा : नऊ जणांम्होरं बोललात. कमी न्हाय ते. माझ्याच्यानं झालं नसतं.

लक्ष्मम्मा : व्हय ना?

पार्वतम्मा : पण एक इचारू? तिला म्हणलात का, चुकलं म्हणून?

लक्ष्मम्मा : समितीत म्हणले की. सगळ्यांदेखत.

पार्वतम्मा : समितीला न्हाय. तिला.

लक्ष्मम्मा : ...तेवढं राहिलं.

पार्वतम्मा : लई राहिलं मग.

लक्ष्मम्मा : तोंड उघडते आन दुसरंच बाहेर पडतंय. 'भाजीत मीठ कमी हाय' असलं. साठ वर्षांचं वळण हाय, इहीनबाई, एका म्हयन्यात सरळ होतंय का?

शिवरंजनी : अव्वा? तू कधी आलीस?

पार्वतम्मा : आली गं बाई. पोरी, किती वाळलीस. काय झालं? काढलं का? बोल आधी.

शिवरंजनी : अगं, चप्पल तरी काढू दे. कुणी काढलं नाही. लोहारा मंडळात राहिलं. उमरग्याच्या बाईंनीच सुचवलं, आणि सगळ्यांनी हात वर केले.

पार्वतम्मा : शिवशिवा. सही?

शिवरंजनी : तिथूनच प्राचार्यांना फोन झाला. उद्या सही करतो म्हणाले. शरणप्पांनीच मला फोनवर सांगितलं, प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. शरणप्पा बसले नाहीत, पण दिली.

लक्ष्मम्मा : बसायचं होतं मेल्यानं.

शिवरंजनी : एक अट घातली आहे. पासवर्ड आता कुणाच्याही घरी ठेवायचा नाही. नवीन आलाय, तो वाचनालयातच राहील. नऊ कॉलेजांना हाच नियम.

लक्ष्मम्मा : बरं केलं. नऊ घरांत नऊ म्हाताऱ्या असतील.

शिवरंजनी : आत्या, शेंगा किती फोडल्यात? आज काय, पाहुण्यांना शेंगाची चटणी का?

लक्ष्मम्मा : व्हय. तुझ्या आईला आवडती. आन तुलाबी. शिवरंजनी, हितं ये जरा. न्हाय, बस. उभी राहू नको, मला मान वर करून बोलाय येत न्हाय.

शिवरंजनी : काय आत्या?

लक्ष्मम्मा : माझं चुकलं. तू न्हाय म्हणलीस ते बरोबर होतं. म्या ते ऐकाय पायजे होतं. तू घरात उपाशी हिंडत होतीस आन कशापायी ते मला ठावं होतं. एवढंच. आता उगं रडू नको, तुझी आई म्हणंल, आल्या आल्या लेकीला रडवलं.

शिवरंजनी : मी नाही रडत. अव्वाच रडतीय.

पार्वतम्मा : मला शेंगांची फोलपटं गेली डोळ्यात.

शिवरंजनी : आत्या, उद्या माझ्याबरोबर वाचनालयात चला. तुम्ही एवढं सगळं केलंत, पण ते आहे काय, हे तुम्ही कधी बघितलंच नाही. चालू करून दाखवते.

लक्ष्मम्मा : मला? अगं, आत्ताच मोकळी झालीस. बाहेरच्या माणसाला दाखवलं म्हणून परत बंद करतील.

शिवरंजनी : नाही करत. बाहेर द्यायला बंदी आहे. वाचनालयात येऊन बसणाऱ्याला वाचायला परवानगी आहे, कुणीही असो. करारातच लिहिलंय. भाऊजीसुद्धा येऊन बसले असते तर मी स्वतः उघडून दिलं असतं.

लक्ष्मम्मा : येऊन बसणाऱ्याला हाय?

शिवरंजनी : हो.

लक्ष्मम्मा : आन वाचता येत नसंल त्याला?

शिवरंजनी : मी वाचून दाखवीन. अव्वा, तू पण चल.

पार्वतम्मा : येते की. आता काय, मुक्काम करते.

लक्ष्मम्मा : किती वाजता उघडतंय तुझं वाचनालय?

शिवरंजनी : साडेदहाला.

लक्ष्मम्मा : मग धालाच जाऊ. शरणप्पा यायच्या आत दारात उभं राहिलेलं बरं. त्यालाबी तेवढं म्हणायचं राहिलंय.